एक एचपीची परवानगी : घरातला धंदा आणि शहराचा नियम

घरात शिलाई मशीन चालवणे बेकायदेशीर आहे का? गेल्या दोन वर्षांत हा प्रश्न मला इतक्या बायकांनी विचारला की शेवटी मी नियमावलीच उघडून बसलो. उत्तर आहे, नाही. पण उत्तर एवढ्यावर संपत नाही, आणि जिथे संपत नाही तिथेच आपल्या कामाचा भाग सुरू होतो, म्हणून हा लेख.

आधी एक तक्रार. आपल्या कार्यकर्त्यांना ॲट्रॉसिटी कायद्याची कलमे पाठ असतात. शिष्यवृत्तीचा जीआर कोणत्या तारखेचा हे विचारले तर तीन जण मोबाइल काढतात. पण ज्या शहरात आपली निम्म्याहून अधिक चळवळ राहते, त्या शहराच्या जमिनीवर कुठे काय करता येईल हे ठरवणारी नियमावली आपल्या एकाही अभ्यासवर्गात वाचली जात नाही. बिल्डर वाचतो, आर्किटेक्ट वाचतो, नगरसेवकाचा माणूस वाचतो. एमएला समाजशास्त्र घेतले तेव्हा शहरीकरणावर एक अख्खा पेपर होता, त्यात शिकागोच्या विद्वानांची वर्तुळे होती. आपल्या महापालिकेचा झोनिंगचा नियम नव्हता.

आता प्रकरण. पिंपरी-चिंचवडमधल्या एका झोपडपट्टी पुनर्वसन इमारतीत चौथ्या मजल्यावर आपली एक ताई राहते. घर २६९ चौरस फुटांचे, म्हणजे २५ चौरस मीटर. त्यात नवरा, दोन मुले, सासू, दोन शिलाई मशीन आणि एक पिकोचे मशीन. ब्लाउज, फॉल-पिको, शाळा सुरू होताना गणवेश. मदतीला शेजारच्या इमारतीतली बारावी झालेली एक मुलगी येते, तिला ती महिन्याला पैसे देते. एक दिवस सोसायटीच्या लेटरहेडवर नोटीस आली : निवासी सदनिकेत व्यावसायिक वापर सुरू आहे, तो महापालिकेच्या नियमांचा भंग आहे, पंधरा दिवसांत बंद करावा, अन्यथा महापालिकेकडे तक्रार करण्यात येईल.

ताईसोबत मी सेक्रेटरींकडे गेलो. त्यांच्याच मजल्यावर एक जण घरातून जीएसटीचे रिटर्न भरण्याचे काम करतो. दारावर पाटी आहे, मार्च महिन्यात जिन्यात माणसे उभी असतात. त्याला नोटीस का नाही, असे विचारले. सेक्रेटरी म्हणाले, "अहो सर, त्यांचं ऑफिस आहे. ह्यांचा कारखाना आहे."

मला तेव्हा वाटले, हा माणूस आपल्या मनचे बोलतो आहे. नियम वाचल्यावर कळले की नियमसुद्धा जवळपास हेच बोलतो.

मुंबई आणि आणखी काही क्षेत्रे सोडली तर महाराष्ट्रातल्या बहुतेक शहरांना डिसेंबर २०२० पासून एकच एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू आहे. लोक तिला यूडीसीपीआर म्हणतात. मुंबईची वेगळी आहे, पण आपल्या विषयापुरती भाषा सारखीच, कारण दोन्हींचे मूळ जुन्या नियमांत आहे. रहिवासी विभागात काय चालेल याच्या यादीत राहण्याच्या घरानंतर लवकरच 'कस्टमरी होम ऑक्युपेशन' येते. म्हणजे घरात रूढीने चालत आलेला व्यवसाय. अर्थ असा : घरातल्या माणसांनी, पगारी मजूर न ठेवता केलेले काम. उदाहरणे शिवणकाम, भरतकाम, बटणे करणे, इत्यादी. यंत्राला वीज वापरली तर सगळा मिळून भार एक हॉर्सपॉवर, म्हणजे पाऊण किलोवॅट, यापेक्षा जास्त नको.

म्हणजे ताईचे शिवणकाम नियमात नाव घेऊन मान्य आहे. नोटीस तिथेच पडली. शिवाय नियमाचा अंमल करणे हे महापालिकेचे काम, सोसायटीचे नव्हे. सोसायटी फार तर आपल्या उपविधींप्रमाणे शेजाऱ्यांना त्रास होतो का एवढे पाहू शकते. आम्ही दोन पानी उत्तर दिले, नियमाचे कलम जोडले, पोच घेतली.

पण पुढे वाचा. त्याच यादीत त्या घरात राहणाऱ्या व्यावसायिकाचे ऑफिस आणि अभ्यासिका येते, डॉक्टरांचे दवाखाने येतात. ह्या ऑफिसला हॉर्सपॉवरची अट नाही. पगारी माणूस ठेवू नये अशीही अट नाही. वकिलाने ज्युनिअर ठेवावा, सीएने दोन पोरे बसवावीत, नियमाला काही वाटत नाही. त्याला फक्त जागेची मर्यादा आहे, आणि ती मर्यादा अशी की आपल्या ताईचे अख्खे घर, मोरी आणि सासूच्या खाटेसकट, त्या ऑफिसात बसून वर जागा उरेल.

हा नियम कुणी जातीचे नाव घेऊन लिहिलेला नाही, आणि लिहिणाऱ्यांच्या मनात काय होते ते शोधत बसण्यात मला रस नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर कोणते घर होते एवढेच मी विचारतो. ज्या घरात बाई दुपारी हौसेने भरतकाम करते आणि साहेब संध्याकाळी अशिलांना भेटतात ते घर. ज्या घरात बाईच्या मशीनवर भाडे, फी आणि औषध निघते ते घर त्या कागदावर आलेच नाही. डोक्याने काम करणाऱ्याने हाताखाली माणूस ठेवला तर ते ऑफिस, हाताने काम करणारीने ठेवला तर मजूर. मानसिक श्रम वर आणि शारीरिक श्रम खाली, ही उतरंड आपल्याला कुठून ओळखीची आहे ते मी सांगायला नको.

आणि तो शब्द पाहा, 'कस्टमरी'. रूढ. कोणाची रूढी? माझ्या आजीच्या सासरी, उस्मानाबादकडच्या गावात, घरात रूढ असा धंदाच नव्हता. सुताराकडे वाकस होता, चांभाराकडे रापी होती, महाराकडे काठी होती आणि वतन होते. वतन म्हणजे गावाचे सगळे काम आणि बदल्यात मागून आणलेली भाकर. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतनाविरुद्ध विधेयक आणले ते उगाच नाही. वतन शेवटी कायद्याने गेले ते १९५८ मध्ये. तेव्हा आमच्या घरात आलेले शिलाई मशीन ही रूढी नव्हे, रूढी मोडल्याची खूण आहे. माझे आजोबा बहात्तरच्या दुष्काळात पुण्याला आले, आणि आमच्या घराण्यातले पहिले यंत्र माझ्या आईने हप्त्याने घेतले. त्याला 'रूढ घरगुती व्यवसाय' म्हणून परवानगी मिळते हे वाचून मी हसलो, पण फार वेळ नाही.

कारण खरी मेख पुढच्या शब्दात आहे : इत्यादी. शिवणकाम, भरतकाम, बटणे, इत्यादी. बुरूड समाजाची टोपली-सुपाची कामे त्यात बसतात का? चपलांचे अंगठे शिवणे? कडकलक्ष्मीवाल्यांच्या बायका घरी बसून करतात त्या गोधड्या बसतील बहुधा. पापड-कुरडया बसतील. सुकटीची चटणी? त्या 'इत्यादी'त कोण बसते आणि कोण बाहेर राहते हे कागद ठरवत नाही, कागद हातात घेतलेला माणूस ठरवतो.

हे नुसते माझे संशयी मन नाही. अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्को शहरात १८८० साली एक नियम झाला : लाकडी इमारतीत लाँड्री चालवायची असेल तर नगर मंडळाची परवानगी लागेल. आगीची भीती, कारण ऐकायला रास्त. शहरात तेव्हा सुमारे ३२० लाँड्र्या, त्यातल्या ३१० लाकडी इमारतींत, आणि २४० च्या आसपास चिनी माणसांच्या. सुमारे दोनशे चिनी लोकांनी परवानगी मागितली. एकालाही मिळाली नाही. चिनी नसलेल्या ऐंशीएक जणांनी मागितली. एक वगळता सगळ्यांना मिळाली. नियमात 'चिनी' हा शब्द कुठेही नव्हता. १८८६ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने यिक वो खटल्यात सांगितले की कायदा दिसायला समान असला आणि राबवताना डोळा वाकडा ठेवला तर तो समतेचा भंगच आहे. त्याच काळात, १८८५ मध्ये, कॅलिफोर्नियातल्याच मोडेस्टो गावाने लाँड्र्या फक्त रेल्वे रुळांच्या पलीकडे चालवाव्यात असे ठरवले, आणि रुळांच्या पलीकडे चिनी वस्ती होती. झोनिंगचा इतिहास लिहिणारे बरेच जण सुरुवात ह्या लाँड्र्यांपासून करतात. शहरातला विभाग आणि गावातला वाडा यांच्यात वाटते तेवढे अंतर नाही.

बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत खेड्याचे वाभाडे काढले ते आपण सगळे जाणतो. शहरात माणूस जात विसरतो असा मात्र त्यांचा भाबडा समज नव्हता, आणि तो अनुभवाने नव्हता. मुंबईत शेअर-बाजाराविषयी सल्ला देण्याचे काम त्यांनी सुरू केले होते. सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळल्यावर गिऱ्हाईक थांबले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. परळच्या बीआयटी चाळीतल्या दोन खोल्यांत त्यांचा संसार, पुस्तके, येणारे-जाणारे सगळे होते. त्या खोल्यांचा वापर निवासी होता की व्यावसायिक, हे आजच्या एखाद्या सेक्रेटरीने ठरवून दाखवावे.

ताईच्या प्रकरणाचा आणखी एक धागा आहे, आणि मला तो नोटिशीपेक्षा जास्त गंभीर वाटतो. ती झोपडीत होती तेव्हा तिचे मशीन दारात होते. रस्त्यावरून जाणारी बाई थांबून फॉल टाकून जायची. पुनर्वसनासाठी सर्व्हे झाला तेव्हा प्रत्येक झोपडीपुढे एक शेरा पडला : निवासी, अनिवासी, किंवा दोन्ही मिळून संयुक्त. ह्यावरून पुढे पात्रतेची यादी होते, तिला परिशिष्ट-२ म्हणतात. ज्याच्याकडे गुमास्ता, व्यावसायिक वीजबिल असा काही कागद होता त्याचा गाळा अनिवासी धरला गेला, आणि त्याला नव्या इमारतीत खाली दुकान मिळाले. ताईकडे मशीन होते, गिऱ्हाईक होते, वही होती. कागद नव्हता. शेरा पडला : निवासी. तिचा धंदा त्या एका शब्दाने चौथ्या मजल्यावर गेला. लिफ्ट चालू असेल तेव्हा गिऱ्हाईक येते.

ज्यांच्या वस्तीत अजून सर्व्हे व्हायचा आहे त्यांनी हे नीट ऐका. गुमास्त्याची पद्धत आता सोपी आहे. २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने छोट्या आस्थापनांना ऑनलाइन माहिती देऊन पावती घेता येते. उद्यम नोंदणी मोफत आहे आणि ती घरच्या पत्त्यावर होते. ही पावती म्हणजे झोनिंगची परवानगी नव्हे, ती कामगार खात्याकडची नोंद आहे; दोन्हींची गल्लत करू नका. पण धंदा अमुक सालापासून होता हे सांगायला तो कागद उभा राहतो. सर्व्हेवाला दारात आला की बाईने "आम्ही राहतो" एवढेच सांगायचे नाही. "राहतो आणि शिवतो" असे सांगायचे, आणि तसे लिहून घ्यायचे.

दुसरी भीती विजेच्या मीटरची. घरात मशीन दिसले की कुणीतरी सांगते, आता कमर्शियल मीटर लागेल. काही ठिकाणी तपासणीला आलेला माणूसही हेच सांगतो, आणि मग जे व्हायचे ते व्हरांड्यात होते. वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली अनधिकृत वापराची आकारणी दुप्पट दराने होते, त्यामुळे बाई घाबरते हे बरोबर आहे. पण महावितरणच्या दर-आदेशांत घरगुती वर्गवारीखालीच तरतूद आहे की घराच्या एखाद्या भागात धंदा करणाऱ्या ग्राहकाचा वापर महिन्याला ३०० युनिटपर्यंत आणि मागच्या आर्थिक वर्षात ३,६०० युनिटपर्यंत असेल तर त्याला घरगुती दरच लागतो. ताईचे बिल काढून पाहिले. पंखे, टीव्ही, फ्रिज, तिन्ही मशीन धरून एकदाही दोनशेच्या वर गेलेले नव्हते. आपापल्या भागातला चालू दर-आदेश डाउनलोड करा, ते पान छापा आणि मीटरच्या शेजारी चिकटवा. मी गंमत करत नाही. दोन इमारतींत आम्ही तसे केले आहे.

आता चळवळीतल्या मित्रांशी थोडे भांडण.

एक गट म्हणतो, घरात बसून शिवणकाम ही गुलामीच आहे, आपल्या मुलींनी स्पर्धा परीक्षा द्याव्यात, तुम्ही काय मशीनचे कौतुक सांगता? त्यांचे अर्धे म्हणणे मला मान्य आहे. माझी आई तुळशीबागेतल्या एका व्यापाऱ्यासाठी डझनावर परकर शिवायची. दोरा तिचा, वीज तिची, पाठ तिची. माल परत आला तर उसवून पुन्हा शिवायचा, त्याचे पैसे नाहीत. बाबासाहेब मजूरमंत्री असताना कारखान्यातले कामाचे तास आठवड्याला अठ्ठेचाळीस झाले, ते आमच्या खोलीपर्यंत कधी पोचले नाहीत, कारण घर हा कारखाना नाही. दिवाळीच्या आधी ती रात्री दोनपर्यंत शिवायची आणि आम्ही मशीनच्या आवाजात झोपायचो. तेव्हा घरच्या धंद्याचे गोडवे मी गाणार नाही. पण तिच्या मशीनवर माझी एमएची फी गेली हेही खरे आहे, आणि ज्या बाईकडे आज परीक्षा देण्याची मुदत उरलेली नाही तिला "हे काम सोड" असे सांगणाऱ्याने तिच्या घरात पुढच्या महिन्याचे रेशन टाकावे.

दुसरा गट उद्योजकतेचा. डिक्की २००५ मध्ये पुण्यातच स्थापन झाली आणि नोकरी मागणारे नव्हे, देणारे व्हा, हा विचार तिने आपल्या पोरांत नेला. चांगलेच केले. पण नियम आठवा. पगारी मजूर ठेवायचा नाही. आपली ताई जोवर एकटी शिवते तोवर ती कायद्यात आहे. ज्या दिवशी तिने त्या बारावी झालेल्या मुलीला पाचशे रुपये हातावर ठेवून नोकरी दिली, त्या दिवशी ती नियमाबाहेर गेली. नोकरी देणारी व्हायची पहिली पायरीच तिच्यासाठी भंग आहे. वरच्या ऑफिसातल्या जीएसटीवाल्याने दोन पोरे ठेवली तर भंग नाही.

हॉर्सपॉवरचेही तसेच. घरघंटी एक एचपीची येते, म्हणजे दळण दळले की मर्यादा संपली. त्याच वेळी मशीनची मोटर लावली तर बाई गुन्हेगार. मिरची-मसाला कांडणारे यंत्र दोन-तीन एचपीचे असते. बचत गटाच्या प्रशिक्षणात हेच यंत्र घ्यायला सांगतात, बँक त्यावर कर्ज देते, आणि ते ठेवायचे कुठे हे कुणी सांगत नाही.

वासाचा मुद्दाही ह्याच प्रकरणात येतो. आमच्या भागातल्या एका मावशीचे डब्याचे काम. खाद्यपदार्थांची नोंदणी केलेली, गिऱ्हाईक कंपनीतली पोरे. मिश्र सोसायटीत तिच्याविरुद्ध अर्ज आला त्यात 'व्यावसायिक वापर' एका ओळीत होता आणि 'उग्र वास' सहा ओळींत. रविवारी मटण आणि बुधवारी बोंबील. त्याच इमारतीत दिवाळीत चकल्या-अनारशांच्या ऑर्डरी घेणारी बाई आहे, तिच्या तळणाचा वास तीन मजले जातो, त्याला 'खमंग' म्हणतात. इथे झोनिंग वगैरे काही नाही, हे सरळ सोवळे आहे. फक्त अर्ज महापालिकेच्या नावे आहे.

तरीही मी नियम फाडून टाका असे म्हणणार नाही. ज्यांनी चौथ्या-पाचव्या मजल्यावर रबर सोल्युशनचे आणि थिनरचे डबे साठवलेले पाहिले आहेत त्यांना कळेल का. अरुंद जिना, एकच दार, गॅसची टाकी आणि शेजारी थिनर. तिथे नियम हवाच, आणि पहिला जीव आपल्याच लेकराचा जाणार आहे. धोकादायक उद्योग घरापासून लांब ठेवणे हे झोनिंगचे चांगले काम आहे. गंमत अशी की ते चांगले काम आपल्या वाट्याला उलटे आले. देवनारच्या कचऱ्याभोवती कोण राहते, हे मुंबईतल्या पोराला विचारा. शिलाई मशीनचा आवाज शहराला सहन होत नाही, आणि कचऱ्याचा डोंगर वस्तीला सहन व्हावा अशी अपेक्षा असते.

मला हवे आहे ते मोजके आहे. घरगुती व्यवसायाच्या कलमात दोन पगारी मदतनिसांची मुभा द्या, किंवा ऑफिसलाही तीच बंदी घाला. विजेचा भार तीन एचपीपर्यंत न्या, पण ज्वालाग्राही रसायनांना स्पष्ट मनाई लिहा. 'इत्यादी' काढून कोणती कामे चालतील आणि कोणती नाहीत याची यादी द्या; अन्नाचे काम नावाने येऊ द्या. पुनर्वसनाच्या प्रत्येक इमारतीत तळमजल्यावर एक सामाईक कामाची खोली ठेवा. बालवाडी आणि सोसायटी ऑफिसची जागा काढता येते, तर दहा मशीनची का नाही? आणि परिशिष्ट-२ करताना घरातले काम कागदावरून नव्हे, पाहणीवरून नोंदवा. हे मागायला रस्ताही आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ खाली नियमावलीत फेरबदल होतात, त्यासाठी सूचना प्रसिद्ध होते, हरकती मागवल्या जातात. बिल्डरांच्या संघटना दरवेळी पत्रे देतात. आपले पत्र मी अजून पाहिलेले नाही.

सोसायटीने आमच्या उत्तराला लेखी काही कळवले नाही. ताईचे मशीन चालू आहे. ती मुलगी मात्र आता तिच्याकडे बसत नाही. कापलेले ब्लाउज पिशवीत घालून स्वतःच्या घरी नेते, तिथल्या मशीनवर शिवते आणि संध्याकाळी परत आणते. दोन इमारती, दोन जिने, रोज. असे केले की कागदावर पगारी मजूर राहत नाही. पत्राचा मसुदा मराठीत तयार केला आहे. पुढच्या रविवारी वंदना झाल्यावर विहारात तो वाचणार आहोत. ज्यांच्या घरी अशी नोटीस आली असेल त्यांनी तिची झेरॉक्स, मागच्या बारा महिन्यांची वीजबिले आणि मशीनच्या मोटरवरच्या पट्टीचा फोटो घेऊन यावे.

जय भीम.